पहिला पेला

नवरदेवाकडच्या ताडीच्या घागरी लग्नाच्या अंगणात येताच भावकीतले म्हातारे रिकामे पेले घेऊन सरसावले. बापाने रीतीप्रमाणे पहिला पेला भरून उझोमाच्या हाती दिला. “जा पोरी, तुझा नवरा शोध आणि त्याला पाज.” शेजारी आईच्या खुर्चीत बापाची नवी बायको ऐसपैस बसली होती. घटस्फोटानंतर आईला फाटकाच्या आत यायची बंदी होती. त्या धसक्याने उझोमाने कॉलेजात चिदुबेमला लग्नासाठी दोनदा नकार दिला होता. तिसऱ्यांदा होकार दिला तो एका अटीवर. “इकडे आण गं, मीच तो,” पेला घेऊन निघालेल्या उझोमाला पोरं चिडवत होती. उझोमाने चिदुबेमलाही वगळून फाटकाबाहेर ताटकळणाऱ्या आईपुढे गुडघे टेकले आणि तिला पेला दिला. “हे काय चालवलंयस?” बाप गरजला. “तुम्ही बसा, बाबा. लग्न मामाच्या अंगणात होईल.” ठरलेल्या अटीप्रमाणे चिदुबेमच्या माणसांनी घागरी उचलल्या. आणि रिकामे पेले सावरत भावकीतले म्हातारेही त्यांच्यामागोमाग निघाले.