काळोखातला सोलो

"आता कोणी बोलू नका. आता येईल," महेंद्र म्हणाला आणि त्यानं सीडी प्लेअरचा आवाज वाढवला.

बुवापाड्यातल्या त्या दीड खोलीत यशोधरा हातातली भाजी बाजूला ठेवून पलंगाच्या कडेला बसली होती. नवऱ्याचे ड्रम्स ऐकायला ती अशी बसली, याचंच नवल होतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण 'शून्यकाळ' बँडच्या एकाही कार्यक्रमाला ती गेली नव्हती. वीस-वीस मिनिटांचं एक गाणं, त्यात ताल मध्येच बदलणार, शब्द शोधून सापडणार नाहीत. असलं रॉक ऐकायला अंबरनाथ-बदलापुरात माणसं मिळणार तरी किती! तिच्या लेखी ती नुसती डोकेदुखी होती, आणि तसं ती चारचौघांत बोलून दाखवायची. महेंद्रला ते लागायचं. कारखान्यातून थकून आल्यावरही ज्याच्यासाठी तो तालमीला पळायचा, ते तिनं एकदा मनापासून ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती.

आणि ऐकवण्यासारखं आता काहीतरी होतं. बदलापूरच्या कार्यक्रमात ऐन रंगात लोडशेडिंग झालं. गिटार गप्प, कीबोर्ड गप्प, माईक गप्प. ड्रम्सना कुठे वीज लागते? जनरेटर सुरू होईपर्यंत महेंद्र काळोखात एकटाच वाजवत राहिला. तसं त्यानं आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. लोक उठून उभे राहिले होते. त्याच कार्यक्रमाची ही लाइव्ह सीडी. बँडचा गिटारिस्ट विक्रांत ती आज पेढ्यांसकट घेऊन आला होता.

ड्रम्स सुरू झाले. स्वच्छ, दाणेदार, कुठे खोट काढायला जागा नाही. यशोधरा ऐकता ऐकता पुढे सरकली. महेंद्रचा चेहरा मात्र उतरत गेला. आपला हात माणसाला ओळखू येतोच. तो उठला आणि विक्रांतला दंडाला धरून गॅलरीत घेऊन गेला.

"कोण वाजवतंय हे?"

विक्रांतनं नजर चुकवली. "अरे, लाइट गेली तेव्हा रेकॉर्डिंगचं मशीनपण बंद पडलं ना. तुझं काहीच आलं नाही. मग एका स्टुडिओत दुसऱ्या ड्रमरकडून वाजवून घेतलं. टाळ्या आपल्याच आहेत, यार."

लाइट गेल्यावर काय काय बंद पडतं, हे बदलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. महेंद्रला ती साधी गोष्ट इतके दिवस सुचलीच नव्हती.

"मग मला का नाही बोलावलंस?"

"पन्नाशीत तुझा हात आता पूर्वीसारखा राहिलाय का? टेन्शन नको घेऊ. नाव तुझंच छापलंय."

एवढ्या वर्षांची दोस्ती विक्रांतनं सहज मातीत घातली होती. बायकोला निदान खरं ते सांगून टाकावं, असं ठरवून महेंद्र आत वळला.

गाणं संपलं होतं. यशोधराचे डोळे भरून आले होते.

"माझं चुकलं हो," ती म्हणाली. "उद्या तालमीला मीपण येते. माझ्यासमोर एकदा हेच वाजवा. अगदी असंच."