चाकामागचा खडा

मांजरसुंब्याच्या मन्मथप्पांचा मुलगा अमरनाथ मालट्रकवर क्लीनर होता. घाटात चढावर गाडी अडली की उडी टाकून मागच्या चाकाला दगड लावायचा, हे त्याचं काम. एकदा तो दगड लावायला वाकला आणि गाडीच मागं आली.

आपल्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात बसून मन्मथप्पांनी मग तोच ट्रक हातभर लांबीचा केला. पत्र्याची केबिन, चाकांना सायकलच्या ट्यूबचं रबर, नुकत्याच बाजारात येऊ लागलेल्या रिमोटच्या खेळण्यातली मोटार. खडकावर मुंगीसारखा चढावा म्हणून दातेरी चक्रंही बदलली. रडू काही येत नव्हतं. हात तेवढे चालत होते.

दुकानामागच्या खडकावर ट्रक मध्यावर जाऊन थांबला. जवळ जाऊन पाहतात तर मागच्या चाकाला हरभऱ्याएवढा खडा लावलेला.

त्यांनी खडक झाडून घेतला. ट्रक पुन्हा चढवला. पुन्हा खडा.

तेवढ्यात त्यांची बायको बसम्मा कपिलधारच्या देवळातून आली. "महाराजांनी आज लई गोड कीर्तन केलं. तुमी बसा खेळत."

"इकडं ये. ह्यो खडा कोण लावतंय, बघ."

ती वाकली. बराच वेळ बघत राहिली. मन्मथप्पांनी बटण दाबलं. पण सेल उतरत आले होते. ट्रक पुढं जायचा तो किंचित मागं सरकला.

"अवो, मागं येऊ देऊ नका," बसम्मा हळूच म्हणाली. "लेकराचा हात अजून तितंच हाय."

मन्मथप्पांचा अंगठा बटणावरून उठेना. रिमोटचा लाल दिवा मंद मंद होत चालला होता.