म्युरिएलच्या नावाचा बाक

म्युरिएल थॅकवे धापा टाकत टेकडीच्या माथ्यावर पोहोचली, तेव्हा तिथल्या एकुलत्या एक बाकावर तिला स्वतःचं नाव दिसलं.

पितळेची पट्टी लखलखीत घासलेली होती. 'म्युरिएल थॅकवे हिच्या स्मरणार्थ. तिला ही टेकडी फार आवडायची.'

बाकाच्या एका टोकाला क्लेमंट पर्सलो थर्मासमधून चहा ओतून घेत होता. शेहेचाळीस वर्षांत त्याचे केस गेले होते, पण कान तसेच बाहेर आलेले होते. तिने त्याला कानांवरून ओळखलं.

"बसा," टोपीला हात लावून तो म्हणाला. "चढ लहान आहे, पण लबाड आहे."

ती बसली. पट्टीला पाठ टेकणार नाही एवढी पुढे सरकून बसली.

टेकडीच्या पायथ्याशी निळ्या दाराचं एक घर विकायला होतं. दलालाला चार वाजेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. घर तिला पसंत होतं. प्रश्न गावाचा होता, आणि खरं म्हणजे एकट्या क्लेमंटचा. याच टेकडीवर त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं. तिने आठ दिवसांची मुदत मागितली आणि चौथ्या दिवशी सकाळच्या बसने हल शहर गाठलं. नंतर तिकडेच एका दंतवैद्याशी लग्न केलं, संसार केला, दोन वर्षांपूर्वी तो गेला. आता परत यायचं तर इथे आपल्याला काय म्हणतात ते आधी कळायला हवं होतं.

आपण मेलो असू, हे मात्र तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"कोण होती ही?" तिने पट्टीकडे हात केला.

"म्युरिएल? गावातलीच." क्लेमंटने थर्मासचं दुसरं झाकण भरून तिच्यापुढे धरलं. "तशी गुणी होती. जॅम भयंकर करायची."

"भयंकर चांगला?"

"नाही, नुसता भयंकर. चमचा आत जायचा नाही. एकदा पाद्रीबाबांचा दात गेला."

म्युरिएलने चहाचा घोट घेतला. "फळं कच्ची असतील."

"फळं उत्तम होती हो, बाई."

खाली उतारावर गॉर्सची काटेरी झुडपं पिवळीधमक फुलली होती. मेंढ्यांची पिल्लं एकमेकांना ढुशा देत पळत होती. शेतांच्या कुंपणांवर पांढरा बहर आला होता आणि चर्चचा मनोरा उन्हात न्हात होता. इथेच राहावं, असं तिला इतकं आतून वाटलं, की चहा बेचव असल्याचंही तिच्या लक्षात आलं नाही.

"गावाच्या भाजीप्रदर्शनात एकदा पहिलं बक्षीस मिळालं तिला," क्लेमंट सांगत होता. "गाजरांना. शनिवारच्या बाजारातून आणली होती."

"परसातली होती ती!"

क्लेमंटने मान वळवली. "तुम्हाला काय माहीत?"

"म्हणजे... असतील, असं आपलं मला वाटलं."

"तुम्ही फार चांगल्या मनाच्या आहात," तो म्हणाला आणि पुन्हा मेंढ्यांकडे बघू लागला.

तिने झाकणातला चहा संपवला. "कशाने गेली?"

"माझं नाताळचं कार्ड परत आलं. वर लिहिलेलं, मयत. मी ग्रामपरिषदेत सांगितलं, सगळे उठून मिनिटभर गप्प उभे राहिले. कशाने गेली हे विचारणं बरं दिसलं नसतं, म्हणून कोणी विचारलं नाही. वर्गणी मात्र सगळ्यांनी दिली. केकविक्री झाली, लॉटरी झाली. खाटकाने डुकराची अख्खी तंगडी ठेवली बक्षीस."

"माझ्या... तिच्यासाठी?"

"लोकांना आवडायची ती. जॅम सोडून."

म्युरिएलला हसूही येत होतं आणि रडूही. गावाने केक विकून आपल्या नावाने बाक बसवला. त्यावरची पट्टी बहुधा हाच माणूस घासत होता. आता खरं सांगायचं, म्हणजे सगळ्यांच्या दुःखाचं हसं करायचं. गप्प राहायचं, तर निळ्या दाराच्या घरात मयत बाई राहणार कशी? मनोऱ्यावरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

रिकामं झाकण तिने बाकावर ठेवलं.

"क्लेमंट, मी मेलेली नाही."

क्लेमंटने झाकण उचललं, झटकलं आणि सावकाश थर्मासवर फिरवून बसवलं.

"माहीत आहे. खालच्या फाटकापाशी आलीस तेव्हाच ओळखलं. अजून फाटक कमरेने लोटतेस."

"आणि मला बसवून गाजरांचं ऐकवलंस?"

"बाजारातलीच होती ती, म्युरिएल."

तिने त्याच्याकडे रोखून बघितलं. तो लाल झाला होता, कानांच्या पाळ्यांपर्यंत.

"ते परत आलेलं कार्ड?"

"मी कार्ड पाठवलंच नव्हतं. तुझा पत्ता कुठे होता माझ्याकडे?" तो म्हणाला. "इथे वर बसायला काहीतरी हवं होतं मला. ग्रामपरिषदेकडे चार अर्ज केले, चारही फेटाळले. टेकडीवर बाक मिळतो तो फक्त मेलेल्या माणसाच्या नावाने. तसा नियमच आहे त्यांचा."

"म्हणून तू मला मारलंस?"

"त्याशिवाय बाक मिळेना."

म्युरिएलने चर्चमागच्या दफनभूमीकडे बघितलं. दगडांच्या रांगा पार ओढ्यापर्यंत गेल्या होत्या.

"ती अख्खी भरलीय, क्लेमंट. खरोखर मेलेलं कोणी मिळालं नाही तुला?"

"मिळाली असती की पुष्कळ," क्लेमंट म्हणाला. "पण रोज दुपारी त्यांच्याशेजारी बसावंसं वाटेना."