मालकाचं नाव

"मालकाचं नाव सांगा," कुंडी म्हणाली.

"आमचे हे," मथुराबाई पुटपुटल्या.

"नाव चुकलं. दोन संधी उरल्या. मग पाणी वस्तीच्या टाकीत परत जाईल."

पाणीचोरी थांबावी म्हणून हल्ली सगळ्याच कुंड्या अशा हुशार केल्या होत्या. पोटात आठवडाभराचं पाणी असायचं, पण आठवड्यातून एकदा मालकाचं नाव ऐकल्याशिवाय मुळांना थेंब मिळत नसे. आणि दोडक्याचा हा वेल लावणारे केरबा जाऊन बारा दिवस झाले होते. वेलानं मान टाकली होती.

"घ्या की नाव, काकू!" शेजारची नलू म्हणाली. "त्यांचा वेल वाळून चाललाय."

चाळीस वर्षांत मथुराबाईंनी ते नाव उखाण्यातच काय ते घेतलं होतं. त्यांनी पदर सावरला.

"कुंडीत लावला दोडका, मांडवावर गेला वेल, केरबांचं नाव घेते, आतातरी पाणी सोडेल."

"नाव चुकलं," कुंडी म्हणाली. "शेवटची संधी."

नलूला हसू फुटलं, आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. "अहो काकू, मालक म्हणजे तुमचे मालक नव्हे! कुंडीचा मालक. काकांनी ती तुमच्या नावावर तर नाही ना घेतली?"

"माझ्या? जन्मभर 'अगं ए'च्या पुढं गेला नाही तो माणूस."

तरी त्या वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "मथुरा."

कुंडीच्या पोटात गुडगुडलं. पाणी मुळांकडे निघालं.

"तुझ्यापाशी घेतलं होय माझं नाव," त्या कुंडीला म्हणाल्या, आणि तिच्या काठावर हात ठेवून बसून राहिल्या.