दशकाचा चेहरा

पाच दशकं, पाच नट. रविवारच्या पुरवणीचं पान चार वाजता छपाईला जायचं होतं आणि संपादकांनी सकाळपासून तीनदा नावं बदलली होती. मी पान लावणारी. नाव बदललं की फोटो बदलायचा. पण आज माझाही पाय एका जागी ठरत नव्हता. प्रत्येक नव्या नावासाठी जुन्या सिनेमांच्या फोटोंची सगळी पाकिटं उपसत होते, आणि त्यात घरून बाबांचे फोन. "कोण ठरलं गं?"

पावणेचारला संपादक माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि भडकलेच.

"हे काय फोटो निवडलेस? एकाचा खांदा कापलाय, एक चक्क पाठमोरा! आणि पाचही जण हॉटेलच्याच सीनमध्ये काय बसलेत? चेहरे मोठे कर, मागचं सगळं उडव."

"मागचं राहू दे ना, सर."

"का? काय आहे मागे? नुसता एक वेटर..."

ते थांबले. चष्मा चढवून दुसऱ्या फोटोवर वाकले, मग तिसऱ्यावर. ट्रे धरायची ढब तीच होती. पाचव्या फोटोत वेटरचे केस पांढरे झाले होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. स्क्रीनवर 'बाबा' आणि खाली तोच चेहरा. मी हात पुढे करेपर्यंत संपादकांनी फोन उचललासुद्धा.

"नायकांचं अजून ठरत नाहीये, काका," ते म्हणाले. "तुमचं तेवढं पक्कं झालंय."