मागे राहिलेलं अंडं

रुसून गेलेल्या मुलीच्या पत्राला म्हाताऱ्याने उत्तर दिलंच नव्हतं. "बाबा, मी घरी येऊ का?" एवढंच तिने विचारलं होतं, पण जन्मभर पुस्तकांत रमलेल्या त्या माणसाला स्वतःचे शब्द कधी खरेच वाटले नाहीत.

खुडूक कोंबडीखालची पिल्लं बाहेर पडली. एक अंडं तेवढं मागे राहिलं. दिव्यासमोर धरलं तर आरपार उजेड. आत काहीच नव्हतं. तरी म्हाताऱ्याने उत्तर लिहायला पेन उचललं की अंड्यातून टकटक यायची. पेन ठेवलं की थांबायची.

"अहो, फेका ते!" बायको म्हणाली. "कोंबडीनेसुद्धा नाद सोडला, तुम्ही काय उबवत बसलाय?"

"ऐक तरी."

त्याने कागद पुढे ओढला, पेन उचललं. टकटक सुरू झाली. बायकोचं हसू मावळलं. तिने अंडं ओंजळीत घेतलं.

"आता थांबू नका," ती हळूच म्हणाली.

"ये," एवढंच त्याने लिहिलं. टकटक थांबली. अंड्याला साधा तडाही नव्हता, पण ते पिसासारखं हलकं झालं होतं.

दोघं कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेली. त्याने पाकीट आत सोडलं. ते तळाशी पडलं, आणि पेटीतून पिल्लाची चिवचिव ऐकू आली.