एकाच जागेची माती

"मावशी, शेतातल्या आठ-दहा ठिकाणची माती मिसळून आणायची असते. तुम्ही एकाच जागेची आणलीत."

"मला तिथलीच तपासायची होती," म्हातारी म्हणाली.

माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत असा घोळ रोजचाच. मी अहवाल तिच्यापुढे सरकवला. "स्फुरद नि चुना मात्र भरपूर निघालाय. मुळं झकास धरतील. हाडांचं खत घातलं होतं का?"

ती कागदाकडे बघत राहिली.

"खत नाही. लेक होती माझी, पाच महिन्यांची. एवढ्या लहानांना जाळत नाहीत, म्हणून बांधाशी पुरलं. तीस वर्षं तिथं नांगर लावू दिला नाही मी. आता पोरं म्हणतात, तिथं काही उरलं नसेल."

तिने अहवालाची घडी करून पिशवीत ठेवली.

"उरलेली माती द्या. परत नेते."

उरलेली माती आम्ही खिडकीतल्या कुंडीत टाकतो. तिची मागच्याच आठवड्यात टाकली होती. वर्षभर नुसता उभा असलेला मोगरा आज कळीवर आला होता.

मी तसं सांगून कुंडीच तिच्यापुढे ठेवली.

तिने ती उचलून कडेवर घेतली. पायऱ्या उतरताना तिचा हात कुंडीला थोपटत होता.